नवसाचे पाय

लेकराच्या पोटरीला हात लावला की मला पुढचं कळतं. ही बढाई नव्हे. चामोर्शीपासून नदीकाठापर्यंतच्या सात-आठ गावांतली लेकरं मी तीस वर्षं न्हाऊ-माखू घातली आहेत आणि त्यातली निम्मी माझ्याच हातात जन्माला आली. वैद्य नाडी धरतो, मी पोटरी धरते. वैद्याचं चुकतं, माझं सहसा चुकत नाही. एकदा चुकलं, तेवढं आज सांगते.

त्या वर्षी आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, असं शाळेचे मास्तर सांगत होते. आमच्या गावात त्यानं काही फरक पडला नाही. धान तेच, बांध तेच आणि रुखमाबाईचा हेकाही तोच.

रुखमाबाई आणि मी एकाच वर्षी या गावात सुना म्हणून आलो. तिचा एकुलता एक मुलगा मुखरू आणि त्याची बायको कमळा. कमळाची तीन लेकरं महिन्याच्या आत गेली. तिन्ही वेळा मी तिथे होते. तिसऱ्या वेळी घरी येऊन मी दोन दिवस चूल पेटवली नाही. म्हणून कार्तिकात चौथा मुलगा जन्मला आणि भोकाड पसरून रडला, तेव्हा आम्ही तिघीही त्याच्याबरोबर रडलो. नजर लागू नये म्हणून नाव ठेवलं झिंगू. मी नाळ बांधत होते, तेवढ्यात रुखमाबाईनं हात जोडले आणि मोठ्यानं नवस बोलला.

"मार्कंडदेवा, हा जगू दे. याचा पाय मी भुईले लागू देणार नाई. पयलं पाऊल तुया जत्रेत, तुया नदीच्या वाळूत. दुसऱ्या शिवरात्रीले. थ्या दिशी नाई पडलं, तर आनखी एक साल याले अंगावरच ठेवीन."

नवस बोलायला माझी हरकत नाही. मीही बोलले आहे. पण बोलताना बाईमाणसानं जरा पुढचा विचार करावा. कार्तिकातलं लेकरू दुसऱ्या शिवरात्रीला सव्वा वर्षाचं होतं. तोवर ते बसतं, रांगतं, धरून उभं राहतं, दहा वेळा आपटतं आणि अकराव्यांदा उठतं. चालणं असं एका दिवसात देवाच्या दारी सुरू होत नाही. पण हे सगळं त्या खोलीत, त्या घटकेला बोलायची हिंमत माझ्यातही नव्हती. कमळा लेकराला छातीशी धरून बसली होती आणि तिला नवस काय, काहीच ऐकू येत नव्हतं.

सव्वा महिना मी झिंगूची मालिश केली. मग चिमूरकडे दिलेल्या माझ्या मुलीचे दिवस भरत आले म्हणून तिच्याकडे गेले. ती बाळंतपणानंतर आजारी पडली, मी तिथंच अडकले, आणि परत आले तेव्हा इकडे धान कापून खळ्यावर आलं होतं. वर्ष उलटून पुढचा पौष लागला होता.

आल्या दिवशीच कमळानं मला विहिरीवर गाठलं. घागर खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं.

"भागीरथाबाई, एक डाव घरी येऊन पाहा नं. पोट्टं उभंच नाई राहून राह्यलं."

"रांगते का?"

"कुठी रांगन? आत्याबाई खालीच ठेवू देत नाई त्याले."

मी तशीच तिच्याबरोबर गेले. तिची आत्याबाई, म्हणजे सासू रुखमाबाई, अंगणात होती. झिंगू तिच्या कडेवर. तिची ती बाजू वर्षभरात वाकडी झाली होती. चालतानासुद्धा एका अंगावर कलून चालायची. पोरगं गुटगुटीत, गाल वर आलेले, डोळे चमकणारे. दिवसा आजीच्या कडेवर, दुपारी झोळीत, संध्याकाळी आईच्या मांडीवर. खायला-प्यायला राजासारखं आणि पाय मात्र नुसते लोंबते.

मी पाय पसरून बसले आणि त्याला मांडीवर घेतलं. पोटऱ्या भिजवलेल्या पोह्यांसारख्या मऊ. काखेत धरून उभं केलं, तर गुडघे दुमडले आणि स्वारी खाली. कमळानं तोंडाला पदर लावला. मग मी त्याला उताणा निजवला, त्याच्या तळपायांना माझे तळहात लावले आणि हळूच दाबले. क्षणभर काही नाही. मग त्यानं दोन्ही पायांनी माझे हात मागे लोटले. चांगलं जोरात.

मला हसूच आलं.

"पाय चांगले हायेत," मी म्हणाले. "पायाले काम नाई, एवढंच दुखणं हाय."

कमळा मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळू आवाजात म्हणाली, "शिवरात्रीले यानं पाय नाई टाकला, तर आत्याबाई आनखी एक साल खाली ठेवणार नाई. गावाले सांगून बसल्या हायेत. मंग कसं होईन वो याचं?"

कसं होईल ते मला ठाऊक होतं. नदीपलीकडच्या एका गावात मी ते पाहिलं होतं. लाडाचं पोर, तिसऱ्या वर्षापर्यंत गड्याच्या खांद्यावर. आता मिसरूड फुटलंय आणि अजून बांध चढताना कोणाचा तरी हात धरतं. पायांची एक वेळ असते. ती गेली की पाय रुसून बसतात आणि मग कितीही तेल ओता. कमळाला मी हे सांगितलं नाही. सांगितलं एवढंच की दोन महिने आहेत आणि ते मला पुरेत.

रुखमाबाईशी बोलणं त्याहून अवघड होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरळ तिच्यासमोर जाऊन बसले.

"रोज सकाळी पोट्टं मले दे. नवस नाई मोडत तुया."

"पाय भुईले लागला तर?"

"भुईले काऊन लागन? खाटेले लागन."

ती विचारात पडली. "खाटेचे पाय तं भुईवरच असतात नं."

"तुये बी असतात. थो तुया कडेवर असते, तवा काय भुईवर असते?"

खाट मंजूर झाली. मग तणसाच्या ढिगाची पाळी आली. धान झोडून झाल्यावर उरलेलं तणस गोठ्यापाशी रचून ठेवलं होतं, मऊ आणि छातीइतकं उंच. रुखमाबाई म्हणाली, तणस भुईतूनच निघतं. मी म्हणाले, तू खातेस तो भातही तिथूनच निघतो, मग तो त्याला कसा भरवतेस? तणसावर गोधडी टाकली तर चालेल असं ठरलं. सगळ्यात जास्त वाद झाला तो माझ्या पायांवरून. लेकराचे पाय आपल्या पायांवर ठेवून त्याला चालवायचं, हा माझा जुना खेळ. रुखमाबाईनं अर्धी सकाळ त्यावर घालवली. माझा पाय भुईवर, त्याचा पाय माझ्या पायावर, मग भुई नक्की कोणाला लागली? शेवटी तिनं निकाल दिला की आधी मी पाय धुवायचे, मग चालेल. मी धुतले. माझ्या आयुष्यात माझे पाय त्या दोन महिन्यांत जेवढे स्वच्छ होते तेवढे कधीच नव्हते.

पांगुळगाडा मात्र ती काही केल्या मान्य करेना. मुखरूनं मोठ्या हौसेनं सागाचा पांगुळगाडा केला होता, तीन चाकांचा, हाताला गुळगुळीत. त्याला धरून चालायचं म्हणजे पाय जमिनीवर आलेच. तो गोठ्यात खुंटीला टांगलेला होता. मुखरू बोलायचा कमी. पण मी दोन खाटा जोडून त्यांच्या कडेला आडवा बांबू बांधायला सांगितला, तेव्हा त्यानं त्याच दुपारी बांबू तासून, कूस काढून, तेल लावून बांधला. बांबूला हात फिरवताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "चालन नं काकू, थो?"

"चालन," मी म्हणाले. "चालला नाई तं मले सांग."

झालं मग सुरू. सकाळचं ऊन अंगणात आलं की मी जायची. टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं तेल कोमट करून आधी मालिश. मांडीपासून खाली, पोटरीवरून घोट्यापर्यंत, मग एकेक बोट. मी लेकरांना काचेच्या बांगडीसारखं हाताळणाऱ्यांपैकी नाही. पण माझा एक नियम आहे. लेकरू हसतंय तोवर खेळ. रडलं की तो जुलूम, तिथं थांबायचं. ज्यांना लेकराला हसवता येत नाही त्यांनी त्याच्या पायाला हातही लावू नये.

मालिश झाली की गिरणी. हा खेळ मी झिंगूसाठीच काढला. मुखरू बैलगाडीनं धान घेऊन मूल गावच्या गिरणीत जायचा आणि आला की तोंडानं गिरणीचा आवाज काढून दाखवायचा, तेवढ्यानं पोरगं खूष व्हायचं. मी ते उचललं. झिंगूला उताणा निजवून दोन्ही घोटे धरायचे आणि एक पाय आत, एक बाहेर, असे फिरवायचे. "भक् भक् भक् भक्, चालली मूलची गिरणी!" आधी हळू, मग जोरात, आणि मध्येच ओरडायचं, "पट्टा तुटला!" आणि पाय सोडून द्यायचे. पट्टा तुटला की झिंगू असा खिदळायचा की गोठ्यातली म्हैस मान वळवून बघायची. चार दिवसांनी मी पाय सोडले तरी ते आपले आपण फिरत राहिले. गिरणी आता त्याच्या मालकीची झाली होती.

दुसरा खेळ फसलेल्या गाडीचा. त्याचे तळपाय माझ्या तळहातांवर, आणि मी म्हणायची, "गाडी फसली चिखलात, मार धक्का!" तो लोटायचा. मी मुद्दाम दोन वेळा हलायची नाही, तिसऱ्यांदा मागे कोलमडून पडायची. म्हातारी बाई अशी उलटी पडलेली पाहून कोणत्या लेकराला जोर येणार नाही?

मग तणस. गोधडीवर पालथा घालायचा आणि ढिगाच्या वरच्या अंगाला बैलाच्या गळ्यातली घाटी ठेवून वाजवायची. तणस सरकतं. हात रोवला तर हात आत जातो, गुडघा टेकला तर गुडघा. पहिल्या दिवशी तो जागच्या जागी पोहत राहिला. आठव्या दिवशी एक वीत सरकला. तीन आठवड्यांत तो ढिगाच्या माथ्यावर चढून बसला, घाटी हातात घेऊन, जणू गावचा पाटील. खाली यायचं कसं ते त्याला कळेना, म्हणून तिथूनच ओरडायला लागला, आणि कमळा खळ्यावरून धावत आली. तिला वाटलं पडला. वर बघितल्यावर ती तिथंच मटकन बसली आणि हसता हसता रडायला लागली.

रुखमाबाई या सगळ्या वेळी ओसरीच्या कडेला सूप घेऊन बसलेली असायची. तांदूळ निवडतेय असं दाखवायची. तेच तांदूळ ती रोज निवडायची. मध्येच म्हणायची, "हळू वं भागीरथे, गिरणी नाई थे, लेकरू हाय." पण एकदा मी तेलाची वाटी आणायला आत गेले आणि मागे वळून पाहिलं, तर ती सुपावर मान घालून बारीक आवाजात "भक् भक्" म्हणत होती. मी खोकले. तिनं लगेच एक खडा काढून लांब फेकला.

माघ लागला तसा तो बांबूला धरून उभा राहू लागला. आधी दोन क्षण थरथरत, मग ऐटीत. मग बांबू धरून आडवा चालू लागला, एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर. माझ्या पायांवर पाय ठेवून तर आम्ही दोघं अंगणाला सात फेरे घालायचो. पोटऱ्या कशा टणक झाल्या होत्या! मी कमळाला हात लावून बघायला सांगितलं. मी मुखरूला सांगितलं. विहिरीवरच्या बायांनाही सांगितलं. खोटं कशाला बोलू, मी मिरवत होते.

अशातच एका सकाळी मी नेहमीपेक्षा लवकर गेले. कमळा आणि मुखरू केव्हाच कामाला गेले होते. ओसरी नुकतीच सारवलेली होती, शेणाचा ओला वास येत होता. रुखमाबाई मागच्या अंगाला हात धूत असावी, पाण्याचा आवाज येत होता. मी पायरीवर उभी राहिले आणि माझी नजर भिंतीपाशी गेली.

ओल्या सारवणात दोन पावलं होती. माझ्या तळहाताएवढी. पाच-पाच बोटं स्पष्ट उमटलेली. त्यांच्यापुढे आणखी दोन.

रुखमाबाईनं हे पाहिलं तर? नवस मोडला म्हणून ती डोकं आपटून घेईल, सुनेला बोल लावील, आणि उद्या लेकराला साधा ताप आला तरी त्याचं खापर या चार पावलांवर फुटेल. मी इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकले आणि तळहातानं ती पावलं सारवून टाकली. मग हात धुवून, जणू आत्ताच आले असं दाखवत हाक मारली.

त्या दुपारी खळ्यावर जाऊन मी कमळाला धरलं.

"एवढी घाई झाली तुले? पंधरा दिवस दम नाई निघाला?"

"काय केलं वो म्या?"

"ओसरीत पाय कोणं उमटवले पोराचे?"

"मी नाई. लेकराची आण, मी नाई."

"लेकराची आण नोको घेऊ. मले काय डोळे नाईत?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मी काही विरघळले नाही. तीन लेकरं गेलेल्या आईला चौथ्याचं पाऊल बघायची घाई होणारच, हे मला समजत होतं. पण ती माझ्याशी खोटं बोलतेय याचा मला राग आला होता. त्यानंतर आणखी दोनदा मला ओसरीत तशी पावलं दिसली, आणि दोन्ही वेळा मी ती पुसली. कमळाशी मात्र मी तेवढ्यापुरतं तुटक वागत राहिले. तिनं पुन्हा खुलासा केला नाही. माझ्यासारख्या बाईपुढे कोण करेल?

शिवरात्र आली. मुखरूनं गाडीला बांबूचा तट्ट्या बांधला, बैलांची शिंगं रंगवली आणि उजाडताच आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला निघालो. झिंगू नव्या झबल्यात आजीच्या मांडीवर. वाटभर तो गाडीच्या तट्ट्याला पाय लावून धक्का मारत होता. मी निर्धास्त होते. इतकी निर्धास्त की गाडीत मला डुलकी लागली.

जत्रा नेहमीसारखी दणक्यात भरली होती. देवळात दर्शन घेऊन आम्ही नदीकडे उतरलो. वैनगंगेची वाळू तिथे लांबवर पसरलेली आहे, आणि उन्हं वर आली होती. आमच्या गावची माणसं जमली, कारण नवस सगळ्यांना ठाऊक होता. सोमाजी म्हातारा काठी टेकत पुढे येऊन उभा राहिला. रुखमाबाईनं नारळ फोडला. मग पंधरा महिन्यांत पहिल्यांदा चारचौघांत तिनं नातवाला कडेवरून काढलं आणि वाळूवर उभं केलं.

म्हणजे करायला गेली. वाळू तळपायाला लागली, कोरडी, तापलेली, सरकती, आणि झिंगूनं दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. किंकाळी फोडली. परत ठेवला, परत तेच.

"मले दे," मी म्हणाले.

मी वाळूत फतकल मारली. गिरणी केली; तो हसला. गाडी फसवली, त्यानं असा धक्का मारला की मी खरोखरच मागे कलले. माझ्या पायांवर उभा केला. उभा राहिला, ताठ. म्हटलं झालं. पण माझ्या पावलांवरून एक बोट खाली आलं रे आलं की पाय वर आणि रडं सुरू. मी वाळूवर पदर अंथरला. पदरासकट वाळू सरकली आणि तो आणखीच घाबरला. घाम माझ्या कपाळावरून डोळ्यांत उतरत होता.

"देवाची मर्जी नाई," सोमाजी म्हणाला. "पुढच्या साली आना."

मागून कोणीतरी हो म्हणालं. मुखरू बैलांकडे बघत उभा राहिला. कमळानं माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत होती, आता मी काहीतरी करीन म्हणून. आणि मला काही सुचत नव्हतं. तीस वर्षांत पहिल्यांदा. दोन महिने मी त्या पायांना बळ दिलं होतं, पण सगळं खाटेवर, गोधडीवर, माझ्या अंगावर. जमीन कशी लागते ते त्यांना मी कुठे सांगितलं होतं? हा विचार मला सुचला तो तिथे, त्या वाळूत बसून, आणि मी स्वतःवरच चिडले.

रुखमाबाई झिंगूच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं देवळाकडे पाहिलं. मग जमलेल्या माणसांकडे. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, ती पुढच्या वर्षाचा नवस बोलतेय.

तिनं लोटा उचलला आणि सरळ पाण्याकडे चालू लागली. लोटा भरून आणला आणि वाळूवर ओतला. परत गेली, परत आणला. तीन लोटे. मग ती गुडघ्यांवर बसली आणि त्या ओल्या वाळूवरून तळहात फिरवू लागली, डावीकडून उजवीकडे, अर्धगोल, एकावर एक. वाळू दबली, सपाट झाली, चकाकू लागली.

तो हात मी ओळखला. सगळ्या बायांनी ओळखला. ती सारवत होती.

"त्याले ओली भुई लागते," ती म्हणाली.

कमळा पुढे झाली. "आत्याबाई, तुमाले कसं मालूम?"

रुखमाबाईनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती देवळाकडे तोंड करून बसली, चिखलाचे हात तसेच जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली. नवस बोलली होती त्याच आवाजात.

"देवा, पयलं पाऊल माया ओसरीत पडलं. सारवता सारवता थो कडेवरून घसरला नं पायावर उतरला. नं हासला. पयल्या दिशी चुकून. बाकीचे दिवस जाणूनबुजून. रोज त्याच्या कपाळाले हात लावून पाह्यलं. ताप नाई आला. तवा मले वाटलं, तू रागावला नाई."

मग सोमाजीनं काठी आपटली. "म्हंजे नवस मोडला नं वो, बाई!"

"मोडला," रुखमाबाई म्हणाली. "माया नवस होता, म्या मोडला. काय भराचं थे मी भरीन. पोराचे पाय नाई भरणार."

मी कमळाकडे बघू शकले नाही. ती माझ्या बाजूला येऊन उभी राहिली आणि तिनं माझा दंड धरला. लेकराची आण घेऊन ती खरं बोलली होती आणि मी, पोटरीवरून पुढचं ओळखणारी, तिला खोटारडी ठरवून बसले होते. "चुकली वं मी, पोरी," मी म्हणाले. ती म्हणाली, "पाहा नं तिकडं."

रुखमाबाईनं झिंगूला ओल्या वाळूच्या कडेला धरलं होतं. त्याचा अंगठा खाली आला. थांबला. मग टाच. मग दुसरा पाय. तो खाली बघत होता, आपल्याच बोटांकडे, आणि बोटं वाळूत रुतवत होता. ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखं त्याचं तोंड फुललं. रुखमाबाई हात सोडून मागे सरकली, एक हात, दोन हात, आणि तळहातानं वाळू थोपटू लागली.

"भक् भक् भक्," ती म्हणाली. सगळ्या गावासमोर. "ये. चालली गिरणी."

तो आला. एक पाऊल, दुसरं, मग डोलला, मी अर्धी उठले, कमळानं मला खाली दाबलं, आणि तिसरं. त्याच्या पायांत माझा दोन महिन्यांचा जोर होता आणि पायांखाली त्याच्या आजीची भुई. चौथ्या पावलाला तो धपकन बसला आणि त्यानं मूठभर वाळू तोंडात घातली. मुखरू इतक्या मोठ्यानं हसला की त्याचे बैल दचकले. सोमाजीनंसुद्धा फेटा काढून डोळे पुसले आणि वाळू गेली म्हणाला.

निघताना आम्ही गाडीकडे चाललो. ओली वाळू संपली होती, पुढे चढावर झाडांच्या सावलीतली गार माती होती. झिंगू आईचं बोट धरून दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. मग त्यानं सवयीनं आजीकडे वळून दोन्ही हात वर केले. उचल म्हणून.

रुखमाबाई थांबली. तिचं अंग आपसूक कललं, त्याच वाकड्या झालेल्या बाजूला, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहायला लागलं.

"आता नाई, राजा," ती म्हणाली. "आता चाल."

त्यानं हात आणखी वर केले, रडवेला झाला, पाय आपटले, दोन्ही पाय, मातीवर, जोरात. तिनं आपले दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट धरून ठेवले आणि त्याच्यापुढे चालू लागली.